सकाळी अंदाजपत्रक, दुपारी पंगत

वाई,
फेब्रुवारी 2026

प्रिय बाळ्या,

कृष्णाबाईच्या उत्सवाची तुझी वर्गणी पोचली. पावती फाडून गल्ल्यात ठेवली आहे. तिचा फोटो पाठवणार नाही, ती तू स्वतः येऊन न्यावीस अशी आळीची इच्छा आहे. आळीची म्हणजे माझीच. पैशांसोबत तू जे लिहिलंस, 'तुमचं बरंय, उत्सव आणि जेवणावळी, आमच्याकडे नुसत्या निवडणुका', त्यावर फोनवरच भांडलो असतो, पण फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस. म्हणून कागद घेतला.

निवडणुका आमच्याकडेही झाल्या, बाबा. आणि गेल्या आठवड्यात तर असा योग आला की सकाळी नगरपालिकेची अंदाजपत्रकाची सभा आणि दुपारी आपल्या आळीचा महाप्रसाद, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी मी मागच्या खुर्चीत बसून होतो आणि दुपारी हातात आमटीची बादली. दोन्हीकडचं ऐकलंस तर कदाचित तुझं मत बदलेल. नाही बदललं तरी वाच.

आधी निवडणुकीचं उरकतो. पुण्यात जानेवारीत तू चार बटणं दाबलीस आणि त्यातल्या तिघांची नावं केंद्राबाहेरच्या फलकावर पहिल्यांदा वाचलीस, हे तूच सांगितलंस. त्यात तुझा दोष नाही. 2011 च्या जनगणनेत आपलं अख्खं गाव जेमतेम 36 हजारांचं होतं, तुमच्या एका प्रभागात वाई दोनदा मावेल. आम्ही तीन बटणं दाबली, दोन नगरसेवकांची आणि एक थेट नगराध्यक्षाचं. उमेदवारांपैकी एकाकडे माझी उधारी आहे आणि एकाची माझ्याकडे. इथे मत द्यायला जाताना माणसाला चेहरे आठवतात, भांडणं आठवतात, कुणाच्या बारशाला कोण आलं नव्हतं तेही आठवतं. शिवाय मत वाया जातं असं इथे कुणी म्हणू शकत नाही. 2016 ला नगराध्यक्षपद एका मताने ठरलं होतं, ते तुला आठवत असेल. निकालानंतर निम्मं गाव 'ते एक मत माझंच' म्हणून सांगत फिरत होतं. उरलेलं निम्मं, मतदानाच्या दिवशी लग्नाला गेलेल्या चुलत्याला शिव्या घालत होतं.

तेव्हा निवडून आलेल्या मंडळाची मुदत 2021 च्या अखेरीस संपली आणि पुढची चार वर्षं राज्यातल्या बहुतेक पालिकांसारखा इथेही प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी. तू म्हणशील, काय फरक पडतो, रस्ते झाडलेच ना. झाडले. पण प्रशासकाच्या काळात ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा माणूस एकच असतो. भांडण नाही, त्यामुळे बातमी नाही, आणि बातमी नाही म्हणून कट्ट्यावर चर्चाही नाही. गावाची सवयच मोडते. 21 डिसेंबरला मतमोजणी झाली तेव्हा माझ्या दुकानात आलेल्या कॉलेजच्या पोराने विचारलं, 'काका, नगरसेवक नक्की करतात काय?' मतदार झाल्यापासून त्याने एकही पाहिला नव्हता.

आता सभेचं. मी तिथे गेलो तो दुकानामुळे. आदल्या दिवशी आपल्या प्रभागातली नवी नगरसेविका अंदाजपत्रकाचं बाड घेऊन झेरॉक्सला आली. पहिल्यांदाच निवडून आलेली, वय असेल तिशीचं. मशीन गरम होईपर्यंत ती पानं चाळत उभी, आणि पेन्सिलीने कडेला प्रश्नचिन्हं काढत होती. मी म्हटलं, 'ताई, एवढी प्रश्नचिन्हं विचारणार का?' तर म्हणाली, 'तुम्ही येऊन बसा मागे, म्हणजे मला विचारायलाच लागतील.' सभा कायद्याने सगळ्यांना खुली असते हे मला माहीत होतं, पण जायचं कधी सुचलं नव्हतं. दुकानात मुलाला बसवलं आणि गेलो.

प्रेक्षकांत मी, दोन पत्रकार, आणि नगरसेविकांच्या घरचे काही पुरुष. सभागृहात निम्म्या जागा बायकांच्या, हे आता राज्यभर कायद्यानेच आहे. पण मागच्या रांगेतून 'हा विषय धर, तो सोड' अशा खुणा चालल्या होत्या त्या कायद्यात बसत नाहीत. आपल्या ताईंचे यजमान आले नव्हते. त्यांना म्हणे हळदीच्या सौद्याला जायचं होतं. बरं झालं.

बाळ्या, अंदाजपत्रक ही वाचायला फार गमतीची गोष्ट आहे, तू हसू नकोस. एका रांगेत मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष आकडा, मग चालू वर्षाचा सुधारित अंदाज, मग पुढच्या वर्षाचा अंदाज. तीन रकाने आडवे वाचले की गावाने काय केलं, आता काय करतंय आणि पुढे काय करणार म्हणतंय ते कळतं. महिला व बालकल्याणाला पाच टक्के, दिव्यांगांसाठी पाच टक्के, असं बरंच काही आधीच बांधून दिलेलं. पगार, वीजबिल, कचऱ्याचा ठेका काढला की नगरसेवकाला 'हे मी केलं' म्हणायला उरतं ते मूठभर. आणि जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी सोडली तर बाकीचं वरून येतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा तर हा शेवटचा मार्च.

तुला जकात नाका आठवतो? रात्री ट्रक थांबायचे, कंदिलाच्या उजेडात पावती, आणि आपण तिथल्या बाकावर बसून ड्रायव्हरांच्या गप्पा ऐकायचो. 1999 ला नगरपालिकांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, गेली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते, तो नाका म्हणजे काही धर्मशाळा नव्हती. पण गावाच्या स्वतःच्या खिशात येणारा रोजचा पैसाही त्याच दिवशी गेला. त्याच्या बदल्यात सरकारचं सहाय्यक अनुदान आलं, आणि तेव्हापासून लहान पालिका मुंबईच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. सभेत हे कुणी बोललं नाही, माझ्या डोक्यात येत होतं एवढंच.

तर ताई उठल्या. दिवाबत्तीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, 'एलईडी बसवल्यावर बिल कमी होतं ना? मग पुढच्या वर्षीचा अंदाज वाढलाय तो का?' लेखापालांनी शांतपणे उत्तर दिलं, युनिटचा दर, नव्या वस्तीतले खांब, जुनी बाकी. उत्तर चोख होतं. पण गंमत अशी झाली की तोपर्यंत 'मंजूर, मंजूर' म्हणत पानं उलटणारे चार जण मागे वळून दिवाबत्तीचं पान शोधायला लागले. पुढचा अर्धा तास सभा खरंच सभेसारखी चालली. एकाने उपसूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, एक ज्येष्ठ नेहमीप्रमाणे इतिहासात शिरले आणि नगराध्यक्षांनी त्यांना वर्तमानात आणलं. शेवटी अंदाजपत्रक मंजूर झालंच, ते व्हायचंच असतं. मी घड्याळ पाहिलं तर साडेबारा. घाटावर पानं मांडायची वेळ.

पळतच गेलो. तू गेल्यापासून घाट फार बदललेला नाही. ढोल्या गणपतीच्या मागची ती माशासारखी निमुळती भिंत अजून तशीच पुराला अंगावर घ्यायला उभी आहे, आणि काशीविश्वेश्वराच्या नंदीवर पोरं अजून चढतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून कृष्णाबाईचा हा उत्सव सुरू झाला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते कसंही असो, भीमकुंड, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, सगळ्यांनी आपापला घाट आणि आपापले दिवस वाटून घेतलेत आणि ती वाटणी कुठल्याही सरकारी कागदाशिवाय चालू आहे. निविदा नाही, कार्यादेश नाही. मांडव कोण घालणार, पालखीला पुढे कोण, पाणी कोण भरणार, सगळं ठरलेलं.

जेवण यंदा वांग्याची भाजी, आमटी-भात आणि गव्हाची खीर. खीर वाढायचा मान आपल्या त्या गुरुजींकडे, वय ऐंशीच्या पुढे गेलं पण वगराळं सोडत नाहीत. त्यांची रीत मी मुद्दाम पाहिली. पानाजवळ आले की आधी माणसाकडे बघतात, मग द्रोणाकडे. पोरगं असेल तर द्रोण काठोकाठ. मधुमेहवाला असेल तर, आणि ते त्यांना सगळ्यांचं माहीत असतं, वगराळं तिरकं करून बुडाशी थोडीशी. 'नको' म्हणणाऱ्याला एकदा, 'नको नको' म्हणणाऱ्याला दोनदा, आणि पानावर आडवा हात धरणाऱ्याला बोटांच्या फटीतून. माझ्या मागून ताई लिंबू-मीठ वाढत आल्या. सकाळची इस्त्रीची साडी तशीच, पदर खोचलेला. पंगतीतल्या एका आजींनी त्यांना तिथेच धरलं, 'आमच्या बोळातला दिवा कधी लावतेस?' सकाळी दिवाबत्तीवर बोललेल्या बाईला दुपारी आमटीच्या वासात तोच प्रश्न! सभागृहातल्या लेखापालांपेक्षा तो चुकवणं अवघड, कारण आजी हात सोडत नव्हत्या.

रात्री पालखी झाली, कीर्तन झालं (बुवा चांगले होते, साउंडवाला नव्हता), आणि माणसं पांगायच्या आधी आळीचा हिशोब वाचला गेला. हा भाग तू कधी पाहिलाच नाहीस, तू तेव्हा झोपलेला असायचास. मागची शिल्लक, यंदाची वर्गणी, तांदूळ-गूळ-गॅस, मांडव, विद्युत रोषणाई. वर्गणीदारांची नावं फळ्यावर, तुझंही आहे, आडनावातला रफार विसरून. कुणीतरी ओरडलं, 'बर्फाला एवढे पैसे? माघात?' खजिनदाराने खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. दुसऱ्याने विचारलं, 'उरलेला गूळ कुठाय?' गूळ कुठाय ते लगेच कळलं, कारण ज्याच्या घरी होता तो पुढच्याच रांगेत बसला होता. दहा मिनिटांत हिशोब मंजूर. इथेही 'मंजूर, मंजूर'च, पण प्रत्येकाला आकडा कळलेला.

थांब, लगेच 'वा, काय आमची आळी' म्हणू नकोस. त्या हिशोबाच्या वेळी एकही बाई बोलली नाही. स्वयंपाकघराचा सगळा भार त्यांच्यावर, आणि कार्यकारिणीत एकीचंही नाव नाही. गेली दहा वर्षं आळीत भाड्याने राहणारी कुटुंबं वर्गणी देतात, जेवायला येतात, पण त्यांना कुणी काही विचारत नाही. सकाळच्या सभागृहात निदान निम्म्या खुर्च्यांवर बायका होत्या, आणि भाडेकरूचं मतही माझ्या मताएवढंच होतं. हे मी खजिनदाराला बोलून दाखवलं. तो म्हणाला, 'पुढच्या वर्षी बघू.' हे वाक्य मी सकाळीही ऐकलं होतं.

मला खरं म्हणजे तुला सांगायचंय ते हे. माझा मेहुणा आपल्या शेजारच्या बावधन गावात असतो. सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत उभा राहून तो सरपंचाला विचारू शकतो, या वर्षी आमच्या वस्तीला काय. कृष्णा ओलांडली की हक्क मिळतो, आणि आपण शहरवाले म्हणून आपल्याला फक्त मागची खुर्ची! बरं, तसंही नाही. 2009 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठीसुद्धा क्षेत्रसभा आणल्या आहेत, म्हणजे प्रभागाचे छोटे भाग करायचे, तिथले सगळे मतदार सभासद, आणि नगरसेवकाने त्यांच्यापुढे यायचं. कागदावर आहे. भरल्याचं मात्र महाराष्ट्रात क्वचितच ऐकू येतं, तुमच्या पुण्यात भरली असेल तर कळव. आणि आपल्या आळीला तर हे शिकवायलाही नको. बर्फाच्या चिठ्ठीवरून भांडणारी माणसं दिवाबत्तीच्या रकान्यावरून भांडणार नाहीत का? उलट तिथे बायकाही बोलतील, भाडेकरूही बोलतील, कारण ती वर्गणीदारांची नाही, मतदारांची सभा.

हे मी ताईंना घाटावर पत्रावळी गोळा करताना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, 'जागा?' मी म्हटलं, 'हीच. मांडव चार दिवस आहेच.' म्हणाल्या, 'आणि लोक?' मी म्हटलं, 'जेवायला बोलवा.' त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्या दुरुस्तीची प्रत मागून गेल्या. नेटवरून काढून दिली, झेरॉक्सचे पैसे घेतले. फुकट दिलं की कुणी वाचत नाही.

बाकी, तुझ्या वाड्याची घरपट्टी या वर्षीची अजून भरायची आहे. मार्चच्या आत भर, नंतर दरमहा दोन टक्के शास्ती लागते आणि मग मलाच फोन करतोस. रंगपंचमी यंदा रविवारी आहे, 8 मार्चला. बावधनच्या यात्रेतलं बगाड बघायला ये, मेहुण्याकडे उतरू, तो तुला ग्रामसभेचं इतिवृत्त दाखवेल, नको म्हटलंस तरी दाखवेल. येताना फळ्यावर लावायला तुझ्या आडनावाचा रफार घेऊन ये.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
झेरॉक्सवाला