गाडी विकायची घाई करू नकोस

अंबाजोगाई,
२ फेब्रुवारी

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. हुरड्याचं यंदा राहून गेलं ते माझ्यामुळं, वहिनींना तसं सांग. पण पत्रातल्या एका ओळीनं मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. तू लिहितोस, "गाडी फक्त २८,००० चाललीय तरी धूर मारती, माझ्या नशिबीच खराब इंजिन आलं, विकून टाकतो."

आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून शंभर सीसीच्या सारख्याच मोटरसायकली काढल्या. सात वर्षं झाली. माझी ९६,००० च्या पुढं गेली आणि इंजिन अजून खोललेलं नाही. आता नीट ऐक. तुझी गाडी इतकी कमी चालली म्हणूनच झिजली, असं मला वाटतं.

माझी गाडी रोज अंबाजोगाईहून परळीला जाते आणि संध्याकाळी परत येते. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, एका दमात. तुझी लातुरातच, घर ते गंजगोलाईचा बाजार, दीड किलोमीटर. सकाळी दुकान उघडायला, दुपारी जेवायला, मध्येच बँकेत, पुन्हा दुकान. दिवसातून सात-आठ वेळा सुरू होते आणि इंजिन धड तापायच्या आत बंद होते. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपानं जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलेलं असलं की ती उडून जाते. थंड असलं की तिथंच पाणी होऊन बसते. त्यात सकाळी चोक ओढल्यावर जळायचं राहिलेलं पेट्रोल मिसळतं, ऑइल पातळ होतं, आंबट होतं, आतून गंज धरतो. ऑइलच्या झाकणाला आतून पिवळसर, लोण्यासारखं काहीतरी दिसलं असं तू सहज लिहून गेलास. बापू, ते पाणी आहे. पावसाळ्यात आणि थंडीत ते जास्त दिसेल, एप्रिल-मेमध्ये कमी.

आणि ऑइल तू किलोमीटर बघून बदलतोस. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने असं दोन्ही दिलेलं असतं, जे आधी येईल ते धरायचं. तुझे किलोमीटर भरेपर्यंत दीड वर्ष जातं. तेवढे दिवस त्या पाण्या-पेट्रोलाच्या कालवणावर इंजिन फिरतंय.

ऑइल काळं पडलं म्हणून मात्र घाबरू नकोस. "नवं ऑइल टाकलं आणि आठवड्यात काळं झालं, भेसळ असणार" असं तुझा शेजारी म्हणतो ना, ते खरं नाही. चांगल्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी द्रव्यं असतात. काजळी इंजिनात चिकटण्यापेक्षा ऑइलमध्ये तरंगलेली बरी. काळं चालेल, दुधाळ चालणार नाही.

दुसरी गोष्ट, क्लच. मागच्या दिवाळीला तुझ्यामागं बसून गोलाईतून आलो तेव्हाच बोलायचं होतं, पण वहिनी सोबत चालत होत्या म्हणून गप्प बसलो. गर्दीत तुझी बोटं लिव्हरवरून निघतच नाहीत. हाफ क्लचवर प्लेटा घासतात, तापतात, आणि आपल्या गाड्यांत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तेव्हा ती झीज आणि ती उष्णता थेट ऑइलमध्ये जाते. वर हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवलं की त्याला वारा मिळत नाही. पोती उतरेपर्यंत गाडी चालू ठेवायची तुझी सवय आजच सोड.

हे मी वरून शहाणपण सांगत नाही. आमच्या बापूंची, म्हणजे वडिलांची, जुनी गाडी आठवते ना? ती मी घालवली. कॉलेजात असताना उसाच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यानं रोज जायचो. पुढं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बाजूनं काढायला जागा नाही, तासतासभर दुसऱ्या गेरमध्ये हाफ क्लचवर, आणि गाडी ओढत नाही म्हणून वर रेस पिळायची. ऑइल मोजायची पट्टी मी वर्षभरात एकदाही काढून बघितली नव्हती. त्या इंजिनात ऑइल असायचं जेमतेम लिटरभर. त्यातलं तीनशे मिली जळालं की जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि उरलेलं तेवढीच उष्णता सोसत फिरतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि तो ज्यात वरखाली होतो तो बोर बिडाचा. तापल्यावर पिस्टन बोरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. एका चढावर कर्र आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मिस्त्रीनं हेड उघडलं तेव्हा बोरवर नखानं ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या. सोयाबीनचे आलेले पैसे त्या कामात गेले. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी पट्टी बघतो, एकही रविवार चुकलेला नाही.

तू कसं बघशील ते सांगतो. मोठ्या स्टँडवर सपाट जागी गाडी लाव, दोन-तीन मिनिटं चालू ठेव, बंद कर, तेवढाच वेळ थांब. पट्टी पुसून पुन्हा घाल. आपल्या गाडीत ती पिळायची नसते, नुसती टेकवायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल पाहिजे.

मेव्हण्याकडं कारचं चांगलं ऑइल उरलंय ते टाकू का, असं विचारलंस. टाकू नकोस. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि आपला क्लच घर्षणावरच धरतो, तो घसरायला लागेल. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असं बघून घे. मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठी जपानी लोकांनी १९९८ साली हे मानक काढलं. 'एमबी' स्कूटरचं असतं, ते घेऊ नकोस. आणि आपल्याकडं ऊन फार म्हणून जाड ऑइल घालायचा मोह होतो, पण पुस्तकात जाडीचा आकडा १०डब्ल्यू-३० लिहिला असेल तर तेच घाल. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, सकाळी पहिल्या काही क्षणांत ते वरपर्यंत पोचायला हवं. जाड ऑइलला वेळ लागतो, आणि तू तर किक मारल्याबरोबर रेस पिळतोस.

माझ्या गाडीला त्रास वेगळा आहे. परळीला औष्णिक केंद्राची राख. ट्रकमागं गेलो की तोंडात कचकच येते. ती राख म्हणजे बरीचशी सिलिका, फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की ऑइलमध्ये मिसळून सहाणेवर उगाळल्यासारखा बोर उगाळते. म्हणून फिल्टर मी वेळेआधी बदलतो. तुझाही एकदा उघडून बघ.

आता धुराचं. आधी एक बघून मला कळव. सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन मिनिटभरात थांबतो, की रेस केली की येतच राहतो? पहिलं असेल तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते स्वस्तातलं काम आहे. दुसरं असेल तर रिंगा, कदाचित बोर. मग खर्च आहे, पण गाडीच्या किमतीपेक्षा कमीच.

आज ऑइल बदलून घे. येत्या रविवारी ऊन व्हायच्या आत गाडीवर इकडं ये. चाळीस-पन्नासच्या वर नेऊ नकोस, चढाला इंजिन गुरगुरायला लागलं की गेर खाली टाक. अर्धा लिटर ऑइल पिशवीत ठेव, बर्दापूरला चहाला थांबशील तेव्हा पट्टी बघ. इथला मिस्त्री माझ्या विश्वासाचा आहे, त्याच्यासमोर आपण दोघं मिळून उघडू. वहिनींना गाडीवर आणू नकोस, एसटीनं येऊ दे. ज्वारी अजून कोवळी आहे, हुरडा होईल.

तुझा,
नाना