धाकटीला सर्दीची घाई नको

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "थोरल्याला लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलं, म्हणून पुढे तो सारखा आजारी पडला. धाकटीला मी आत्तापासूनच सगळ्यांत मिसळू देणार." तेवढ्यात ती रडायला लागली आणि बोलणं राहून गेलं. लहान मुलांच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे मला गप्प बसवेना.

थोरल्याची प्रतिकारशक्ती कमी झाली नव्हती गं. विषाणूंशी त्याची गाठ उशिरा पडली, एवढंच. एरवी पुण्यात पावसाळा म्हणजे फ्लू आणि आरएसव्हीचे, म्हणजे तान्ह्यांच्या छातीत उतरणाऱ्या एका विषाणूचे दिवस. तान्ही बाळं धापा टाकत यायची, नेब्युलायझर या खाटेवरून त्या खाटेवर फिरत असायचं. 2020 च्या पावसाळ्यात ते कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. शाळा बंद, पाळणाघरं बंद, मोठ्यांच्या तोंडाला मास्क, पसरणार कुठून? जगभर हेच झालं. फ्लूच्या बी प्रकारातला यामागाता नावाचा एक वंश मार्च 2020 नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही; तो लशीतूनही वगळायला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. साधी सर्दी तेवढी तग धरून राहिली, कारण ती आणणाऱ्या ऱ्हायनोव्हायरस नावाच्या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं आणि सॅनिटायझरला तो सहज दाद देत नाही.

मग दारं उघडली. आरएसव्ही ऑस्ट्रेलियात 2020 च्या अखेरीस आणि अमेरिकेत 2021 मध्ये, दोन्हीकडे ऐन उन्हाळ्यात उसळला. एरवी तिकडे तो थंडीतला आजार. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा होऊन जातो. त्या वेळी मात्र दोन-तीन वर्षांची मुलं एकाच वेळी पहिल्यांदा त्याच्या तावडीत सापडली. बाळंतिणींनाही मधल्या काळात संसर्ग झालेला नसल्याने बाळांना आईकडून मिळणारं संरक्षणही कमी पडलं असावं, असं तज्ज्ञांना वाटतं. आपला थोरला 2022 मध्ये प्लेग्रुपला जायला लागला, तेव्हाचं आठव. ताप उतरतो न उतरतो तोच पुन्हा नाक वाहायला सुरुवात. त्याच्या वर्गातल्या बहुतेक मुलांची तीच गत होती.

पण तुझ्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली. तो उशीर त्याच्या पथ्यावरच पडला. तोच आरएसव्ही दोन वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा खोकला-सर्दीवर सोडतो. धाकटीसारख्या चार महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या बारीक असतात, की जराशी सूज आणि चिकट कफ आला की हवा जायला वाट उरत नाही. शिवाय तो एकदा झाला म्हणून कायमचं संरक्षण मिळत नाही, पुन्हापुन्हा होतो. मग लवकर होऊ देऊन मिळवायचं काय? तिला कोंडून ठेव असं मी म्हणत नाही. सकाळी बागेत ने, गॅलरीत खेळव. शिंकणाऱ्या-खोकणाऱ्या माणसाच्या हातात मात्र देऊ नकोस, मग ते माणूस कोणीही असो, तुझ्या सासूबाई किंवा मीसुद्धा. थोरला शाळेतून आला की आधी साबणाने हात, मग बहीण. घरात तान्ह्याला संसर्ग बहुधा भावंडांकडूनच येतो. अंगावरचं दूध चालू ठेव. आणि वावडिंग-ओव्याची धुरी अजिबात नको, धूर त्या इवल्या छातीला सोसत नाही.

सर्दी झालीच, तर ती शांत झोपलेली असताना झबलं वर कर आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. तिच्या वयाला 50 किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, दूध ओढेनाशी झाली किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नकोस, विषाणूवर त्याचा उपयोग नसतो.

फ्लूची लस सहा महिन्यांच्या आधी देत नाहीत. म्हणून थोरल्याला, तुला आणि जावईबापूंना पावसाळा लागण्याआधी टोचून घ्या, मीही घेतेय. ती सहा महिन्यांची झाली की तिलाही, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. रविवारी मी येतेच आहे, तेव्हा श्वास कसे मोजायचे ते तुम्हा दोघांना दाखवते.

तुझी,
आई