आई-बाबांना पत्र: अंकलीचा पूल बंद झाला तर

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

सध्या रोज कुठल्या तरी साथीची बातमी येते आणि तिच्यामागून लगेच ‘सीमा बंद होणार’ असा मेसेज. आईचे फोनवरचे प्रश्न तेच असतात: कर्नाटकात चिकोडीला मावशीकडे जायचं का, तिथल्याच चिंचलीच्या जत्रेचं काय, बाबांची औषधं मिळतील ना. फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि अर्धं विसरून जातं, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. बाबा, हे पत्र औषधांच्या डब्याशेजारी ठेवा.

आधी मला कशाची काळजी वाटते ते सांगते. साथीपासून जपायचे उपाय ठरलेले आहेत आणि ते तुम्हाला जमण्यासारखे आहेत. आपल्यासारख्या घरात घात दुसरीकडून होतो. रस्ता बंद झाला की रोजचं औषध तुटतं, औषध तुटलं की साखर आणि बीपी हाताबाहेर जातं, आणि दवाखाना साथीच्या रुग्णांनी भरलेला असताना नेमकं तिथंच जावं लागतं. हे टाळायची तयारी रस्ते मोकळे असतानाच करता येते.

आपली सांगली दोन हद्दींना चिकटून आहे, हे एरवी लक्षात येत नाही. अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा, म्हैसाळ सोडून पुढं गेलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. जयसिंगपूरला जाताना परगावी चाललोय असं कुणाला वाटतही नाही. पण २३ मार्च २०२० ला राज्यानं जिल्ह्यांच्या हद्दी बंद केल्या, तेव्हा त्याच पुलावर नाका बसला. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. ती अट सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला निघाली आणि एप्रिल २०२१ मध्ये परत आली. कर्नाटकानं तर फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांतला आरटी-पीसीआर रिपोर्ट मागायला सुरुवात केली होती आणि निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावरून माणसं परत फिरवली जात होती. म्हणून पहिलं काम हे: तुमचं काय काय पुलापलीकडं आहे ते एका कागदावर लिहा. आईचे गुडघ्याचे डॉक्टर कोल्हापूरला, बाबांचे डोळ्यांचे जयसिंगपूरला. ते बदला असं म्हणत नाही. पण मिरजेत या दोन्हींचे डॉक्टर आहेत, तर एकदा तिथं दाखवून, जुने रिपोर्ट देऊन, केसपेपर काढून ठेवा. ओळखीचा केसपेपर असला की पुढं फोनवरही सल्ला मिळतो. मार्च २०२० पासून फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासणी करून चिठ्ठी देण्याचे नियम आहेत, आणि सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. चालू असलेलं औषध पुन्हा लिहून घेणं असं सहज होतं.

आता औषधं. महिन्याची औषधं आणली की घरात एकूण ४५ दिवसांचा साठा व्हायला हवा. एकदम सहा महिन्यांचं आणून ठेवू नका, कारण डोस बदलला की सगळं वाया जातं आणि तारीखही उलटते. महिन्याची औषधं आणायचा दिवस ठरवा, त्या दिवशी घरात अजून १५ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असल्या पाहिजेत. नवी पाकिटं मागं, जुनी पुढं. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. नेहमीची कंपनी मिळाली नाही तर दुकानदार तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देऊ शकतो, जनऔषधी केंद्रातही मिळतं. नुसतं ‘ती पांढरी बीपीची गोळी’ सांगून भलतीच गोळी घरी येते.

बाबा, तुम्ही आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डब्यात काढून ठेवता, ती सवय चांगली आहे. फक्त टेल्मिसार्टन त्यात काढू नका. ती गोळी हवेतली ओल ओढून घेते आणि खराब होते, खास करून पावसाळ्यात. ती घेतेवेळीच पाकिटातून काढायची. आईच्या थायरॉईडच्या बाटलीचं झाकण घट्ट हवं आणि बाटली स्वयंपाकघरातल्या ओलसर, गरम जागेपासून लांब.

इन्सुलिन न उघडलेलं असेल तर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसतं पण काम करत नाही, ते टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन बाहेर ठेवलं तरी साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस त्याच्या कागदावर असतात, उघडल्याची तारीख पेनावर चिकटवा. एप्रिल-मे मध्ये वीज गेली तर ते पेन स्टीलच्या छोट्या डब्यात घालून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून कोऱ्या माठात ठेवा. पाणी पेनाला लागू देऊ नका. साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचंही झाकण लगेच लावायचं. दमट हवेत पट्टी चुकीचा आकडा दाखवते आणि त्या आकड्यावर तुम्ही इन्सुलिन कमी-जास्त केलंत तर ते धोक्याचं.

बाकी साठ्याबद्दल थोडक्यात. ज्वारी, डाळ, तांदूळ आपल्याकडं वर्षाचं भरलेलंच असतं, त्यासाठी रांगा लावू नका. संपतं ते गॅस, साबण, पट्ट्या, यंत्रांच्या बॅटऱ्या. दुसरा सिलिंडर भरलेला ठेवा. १०० आणि २०० च्या नोटांत दहा-बारा हजार घरात असू द्या. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, त्यासाठी बँकेत गर्दीत जायची गरज नाही.

बातमी आली की पहिला प्रश्न असा विचारा: हा आजार पसरतो कसा? सगळं त्यावर ठरतं. फ्लू, कोविड, एचएमपीव्ही हे श्वासातून पसरतात, तिथं मास्क आणि उघड्या खिडक्या कामाच्या. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीची केवढी धास्ती पसरली होती, पण तो विषाणू २००१ पासून माहीत आहे आणि बहुतेकांना त्यातून सर्दी-खोकलाच होतो. डेंगी, चिकुनगुन्या, झिका डासांतून येतात. तिथं मास्क लावून उपयोग नाही. आठवड्यातून एकदा बॅरल, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बश्या रिकाम्या करून आतून घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ताप डेंगीचा असू शकेल अशा दिवसांत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी अंगदुखीची गोळी घेऊ नका. बाबांची रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, ती मनानं बंद करायची नाही, पण ताप आल्या दिवशीच डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारायचं.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (नसांवर हल्ला होऊन हातापायांतली ताकद जाते, त्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा लोक पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घरात घ्यायला घाबरत होते. जीबीएस माणसाकडून माणसाला होत नाही. त्याआधी पोटात गेलेल्या दूषित पाण्या-अन्नातला जंतू हे एक कारण असतं. अशा वेळी पाणी खळखळून उकळायचं आणि हात साबणानंच धुवायचे, कारण जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही. फरशीला ब्लीचिंग वापरलंत तर त्याच बादलीत संडासाचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

निपाहचं आई सारखं विचारते, म्हणून जरा सविस्तर. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांना महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या. नमुने मार्च २०२० चे होते आणि २०२१ मध्ये ते जाहीर झालं. त्याचा अर्थ त्या वटवाघळांचा विषाणूशी कधीतरी संबंध आला होता एवढाच. साताऱ्यात माणसांत साथ आली असा नाही. हा आजार गंभीर आहे, दगावण्याचं प्रमाण ४० ते ७५ टक्के धरतात, पण तो गर्दीत वाऱ्यासारखा पसरत नाही. रुग्णाची जवळून सेवा करणारे आणि दवाखान्यातले लोक यांना धोका जास्त. कोझिकोडला २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संपर्कातली माणसं शोधून, वेगळी ठेवून साथ आवरली गेली. आपण काय करायचं: पक्ष्या-वटवाघळांनी टोचलेलं, झाडाखाली पडलेलं फळ खायचं नाही, बाकीची फळं धुऊन, सोलून खायची, उघड्या मडक्यात जमवलेली कच्ची शिंदीची नीरा प्यायची नाही, फिरायला गेलात तर गुहेत शिरायचं नाही. स्ट्रॉबेरी धुऊन खुशाल खा.

आता सीमाबंदीच्या मेसेजबद्दल. खरा आदेश ओळखायला सोपा असतो. त्यावर जावक क्रमांक, तारीख, कुठल्या कायद्याखाली काढला (१८९७ चा साथरोग अधिनियम किंवा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम), कुठला भाग, कधीपासून कधीपर्यंत, आणि आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची सही असते. यातलं एकही नसलेला फोटो पुढं पाठवू नका. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा किंवा १०७७ ला, जिल्हा नियंत्रण कक्षाला, फोन करा. आदेश वाचताना ‘वगळून’ या शब्दाच्या पुढचा मजकूर आधी वाचा. दूध, भाजी, औषधं, मालवाहतूक आणि तातडीचे रुग्ण यांना बहुधा सूट असते, आणि ती तिथंच लिहिलेली असते.

बंदी किती दिवस टिकते यालाही हिशेब आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा जास्तीत जास्त काळ धरतात आणि त्याच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण नसेल तर भाग मोकळा करतात. २०२० च्या सुरुवातीला कोविडसाठी १४ चे दुप्पट, २८ दिवस धरले होते. म्हणून ‘आठवड्यात उघडेल’ या आशेवर साठा करायचा नाही. ४५ दिवस मी म्हणते ते यासाठी.

पुराच्या वेळी आपण आयर्विन पुलाचा आकडा बघतो, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. तसं साथीत रोजच्या एकूण रुग्णांच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी बघा: तपासलेल्या शंभरात किती बाधित निघतायत, आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत. जून २०२१ मध्ये राज्यानं जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवले ते याच दोन आकड्यांवर. रुग्ण वाढले पण खाटा रिकाम्या असतील तर घाबरून मिरजेचा दवाखाना गाठायची गरज नसते.

चिकोडीला आणि चिंचलीला जायला हरकत नाही, जिथं जाताय तिथं साथ नसेल तर. फक्त जितक्या दिवसांसाठी जाता त्यापेक्षा दहा दिवसांची औषधं जास्त न्या, आणि ती हातातल्या पिशवीत, डिकीत नाही. चिठ्ठ्या, आधार, आईचे रिपोर्ट यांच्या छापील प्रती बरोबर हव्यात, नाक्यावर मोबाईलला रेंज नसते. रिपोर्ट मागत असतील तर त्यावर नमुना घेतल्याची वेळ आणि रिपोर्टची वेळ दोन्ही छापल्या आहेत ना ते बघा, तासांवरून वाद तिथंच होतो. बंदीची पक्की खबर आली तर हिशेब औषधांवरून करा: शिल्लक औषधं दोन आठवड्यांपेक्षा कमी असतील तर त्याच दिवशी परत निघा, जास्त असतील तर मावशीकडंच थांबा. अर्ध्या रस्त्यात अडकणं सगळ्यात वाईट.

घरातला ऑक्सिमीटर आत्ता, तब्येत चांगली असताना वापरा. पाच मिनिटं शांत बसून, बोट गरम करून, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेल्या बोटावर, आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या आणि कॅलेंडरवर लिहा. स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असेल तरच आजारपणातला आकडा समजतो. वापर झाला की बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर त्या गळतात. ताप-खोकल्यात ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना फोन. ९० किंवा त्याहून खाली आला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा माणूस गुंगीत गेला तर थेट १०८. आणखी एक, हे दोघांनीही लक्षात ठेवा: या वयात ताप येतोच असं नाही. अचानक जेवण तुटणं, असंबद्ध बोलणं, तोल जाणं ही सुद्धा आजाराची पहिली खूण असते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची स्टिरॉइडची गोळी कधीच नको. २०२१ मध्ये साखर असलेल्या कितीतरी लोकांना काळी बुरशी झाली, त्यात मनानं किंवा जास्त घेतलेल्या स्टिरॉइडचा वाटा होता.

फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये घ्या, कारण आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि लसीचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. न्यूमोनियाची लस कुठली आणि कधी ते डॉक्टरांना विचारा, बाबांना ती हवीच.

पुलापलीकडच्या गोष्टींची यादी आणि औषधांची यादी झाली की दोन्हींचा फोटो मला आणि दादाला पाठवा. एक प्रत शेजारच्या काकूंकडं ठेवा, आणि घराची एक किल्लीही. गोळी बदलली की त्याच दिवशी नवा फोटो.

तुमची लेक