पुण्याला परत येत नाहीये

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्यांबद्दल बोलून ठेवून दिला. म्हणून लिहिते. मी आयबीत, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्यातच कायम राहते असं सोमवारी लिहून दिलं. राज्याच्या पोलिसांत, महाराष्ट्र केडरला परतले की पुणे, हे आपण तिघांनी धरूनच ठेवलं होतं. पण पुणेच मिळालं असतं असं कुठे होतं? आज गडचिरोली, दोन वर्षांनी आणखी कुठे. आणि या कामात एकेका माणसाचा विश्वास बसायला दहा-दहा वर्षं जातात. तो फायलीसारखा दुसऱ्याच्या हाती देऊन निघता येत नाही.

बाबा, "रिटायर झालीस की सगळं सांग, मी थांबतो," म्हणाला होतात. तेही जमणार नाही. निवृत्तीनंतरही परवानगीशिवाय खात्याबद्दल लिहायचं नाही, असा पेन्शनचाच नियम आहे. मी एसपी असताना तुम्ही कात्रणं चिकटवायचात, त्या वहीची पुढची पानं कोरी राहणार. पण काव साहेबांचं तुम्हीच सांगायचात ना? तेही मूळचे आयबीचेच. 1968 साली परदेशातल्या हेरगिरीसाठी रॉ उभी केली, 71 चं युद्ध पाहिलं, आणि स्वतः कधी पुढे आले नाहीत.

तुमच्या अँजिओप्लास्टीच्या रात्री मी कुठे होते, ते तुम्ही अजून विचारलेलं नाहीत. त्याबद्दल तुमच्या पायांवर डोकं ठेवायचंय.

आई, तांदळाच्या डब्यातलं मी कधी कुणाला सांगितलं नाही, आठवतं? तेव्हा तू माझे गाल धरून "शहाणं गं माझं" म्हणाली होतीस. तसंच समज.

आता ऐका. गॅस गीझर काढायला गुरुवारी माणूस येईल, विजेचा बसवेल. बाथरूममध्ये धरायला दांडेही लावेल, "कशाला" म्हणून परत पाठवायचं नाही. माळ्यावर चढायचं नाही. बाबांनी डेक्कनला स्कूटर न्यायची नाही, वनाजहून मेट्रो आहे. व्हिडिओ कॉलवर कुणी पोलिस, सीबीआय म्हणून दरडावलं तर फोन ठेवा आणि 1930 लावा; डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही. माझ्या नावाने कुणी बोललं तरी फोन ठेवायचाच.

गौरी-गणपतीला तीन दिवसांची रजा मंजूर झालीये. उकड काढायला तू उभी राहू नकोस, खुर्चीत बसून सांग. मोदक मी वळते, कळ्या वाकड्या आल्या तरी चालवून घे.

तुमची,
मनू