दीक्षेच्या आधीचे अडथळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चर्चमधल्या स्त्रियांच्या नेतृत्वाचा विषय निघाला की चर्चा दीक्षेवर, म्हणजे धर्मगुरू किंवा पाळक होण्याच्या विधीवर, येते आणि तिथेच अडकते. दीक्षा महत्त्वाची आहेच, पण ती मिळालेल्या ठिकाणीही मोठ्या मंडळीची (स्थानिक चर्चची) जबाबदारी स्त्रीकडे सहजासहजी येत नाही. त्याची कारणे नियमांच्या बारीक अक्षरांत आणि सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या, वेळापत्रकात सापडतात.

चर्च ऑफ इंग्लंडचेच पाहा. तिथे पहिल्या स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा १९९४ मध्ये मिळाली, पहिली स्त्री बिशप (धर्मगुरूंवरची वरिष्ठ अधिकारी) झाली २०१५ मध्ये. मधली एकवीस वर्षे उगाच गेली नाहीत. १९९३ च्या कायद्यानेच बिशपपद वगळले होते. शिवाय स्त्रीने प्रभुभोजन विधी चालवू नये, स्त्री मुख्य पाळक नको, असे ठराव करण्याची मुभा स्थानिक मंडळींना दिली होती. चर्च ऑफ साउथ इंडियाने स्त्रियांना दीक्षा देण्याचा निर्णय १९७० च्या दशकात घेतला. तिथल्या पहिल्या स्त्री बिशप, पुष्पा ललिता, झाल्या मात्र २०१३ मध्ये.

खरी गळती मात्र याही आधी होते. प्रॉटेस्टंट सेमिनरीत सहसा मंडळीची शिफारस लागते, आणि पुष्कळदा शिष्यवृत्तीही त्या शिफारशीलाच जोडलेली असते. मुलगी असेल तर पदवीऐवजी ख्रिस्ती शिक्षणाचा छोटा डिप्लोमा सुचवला जातो. त्यात हिब्रू आणि ग्रीक या बायबलच्या मूळ भाषांचे शिक्षण नावापुरते किंवा अजिबात नसते, म्हणून पुढे उच्च शिक्षण आणि अध्यापन दोन्ही हातचे जाते. पदवीला प्रवेश मिळालाच तर क्षेत्रकार्यात (मंडळीतल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात) तिच्याकडे संडे स्कूल आणि महिला मंडळ येते. उपदेश, अंत्यविधी, हिशेब, मंडळीच्या कार्यकारिणीची बैठक हे सारे मुलांकडे. मग नेमणुकीच्या वेळी नेमणूक समिती म्हणते, 'अनुभव कमी पडतो.' हा अनुभव तिला कोणी दिला नाही, याची नोंद कुठेच होत नाही. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो, कारण तो कागदावर दिसत नाही.

कॅथलिक चर्चची स्थिती वेगळी आहे. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, कलम १०२४ नुसार दीक्षा केवळ बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच मिळते, आणि १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते ठामपणे पुन्हा सांगितले. पण दीक्षा न लागणारी पदेही आहेत. धर्मप्रांताचा (बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशाचा) वित्त अधिकारी, दप्तर सांभाळणारा चॅन्सेलर, धर्मप्रांतीय न्यायालयात विवाह वैध असल्याची बाजू मांडणारा वैवाहिक बंधनाचा रक्षक ही पदे स्त्रीला मिळू शकतात. कलम २५३ सेमिनरीच्या प्राध्यापकाकडून सद्गुणांबरोबर लायसेन्शिएट (पहिल्या पदवीनंतरची उच्च पदवी) किंवा डॉक्टरेट मागते, दीक्षा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला व्हॅटिकनच्या एका विभागाच्या प्रमुख झाल्या.

इथे अडचण पैशाची आहे. तत्त्वज्ञानासह ईश्वरविज्ञानाची (धर्मशास्त्राची) पहिली पदवी पाच वर्षांची, वर लायसेन्शिएट दोन वर्षांचे. सेमिनरीसाठी धर्मप्रांतात कर बसवण्याची तरतूद कलम २६४ मध्ये आहे. प्रापंचिक, म्हणजे सिस्टर नसलेल्या, स्त्रीच्या ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी अशी तरतूद नाही. सात वर्षांचा खर्च स्वतः सोसून आलेल्या स्त्रीला शेवटी धर्मशिक्षणाचे मानधनावरचे काम मिळते.

मंडळ्यांना आणि धर्मप्रांतांना माझी विनंती अशी: प्रत्येक विद्यार्थिनीच्या क्षेत्रकार्यात किमान एक सत्र उपदेश, एक सत्र आजारी व शोकाकुल कुटुंबांच्या भेटी आणि एक सत्र हिशेब व प्रशासन असावे, आणि ते गुणपत्रिकेत लिहिले जावे. हिब्रू-ग्रीक ऐच्छिक करून तिची सुटका करू नये. शिष्यवृत्ती मंडळीमार्फत न देता थेट सेमिनरीकडे जमा करावी. अर्ज नाकारला तर नेमणूक समितीने कारण लेखी द्यावे, आणि 'अनुभव नाही' हे कारण असेल तर तो कोणत्या मंडळीत, किती काळात मिळेल तेही त्याच पत्रात लिहावे.

आपला,
एक वाचक