विषय: जोडी म्हणून पाठवलेल्या अ‍ॅक्चुएटरमधला एक ०.५ बारचा, दुसरा ०.७ चा

प्रति,
कस्टमर केअर

साहेब किंवा मॅडम, जे कोण वाचत असाल त्यांना नमस्कार.

हा माझा तिसरा मेल. आधीच्या दोन्हींना "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" एवढंच उत्तर आलं, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितोय.

माझी गाडी जुनी ट्विन टर्बो पेट्रोल आहे, सहा सिलेंडर, तीन-तीन सिलेंडरला एकेक टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा). मार्चमध्ये तुमच्याकडून वेस्टगेट अ‍ॅक्चुएटरची (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारं गेट हवेच्या दाबानं उघडणारा स्प्रिंगचा डबा) जोडी मागवली, ३८,५०० रुपये आधी भरून. बॉक्सवर "मॅच्ड पेअर, ०.५ बार" छापलंय, फोटो जोडलाय. ०.५ म्हणजे एवढ्या दाबाला स्प्रिंग दबून गेट उघडायला लागतं, आणि तो मुद्दाम घेतला होता. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, टर्बोत जाणारी हवाच तापलेली, इंजिन नॉक करायला (आत पेट्रोल अवेळी पेटून ठोके द्यायला) कितीसा वेळ लागतो. म्हणून मिनिमम बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचं प्रेशर) कमी पाहिजे, म्हणजे उद्या बूस्ट कंट्रोलरचा सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) मेला नाहीतर त्याची वायर तुटली तरी गाडी स्प्रिंगच्या प्रेशरवर येऊन थांबणार आणि ते इंजिनला झेपणारं असणार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे मेकॅनिक अण्णा आहेत, नवा कोरा पार्ट असला तरी बाकावर तपासल्याशिवाय गाडीला लावत नाहीत (आम्ही हसायचो, आता हसत नाही). त्यांनी अ‍ॅक्चुएटर वाइसमध्ये धरला, रॉडवर मार्करनं बारीक रेघ मारली, हँडपंप आणि गेज जोडून हळूहळू हवा भरली. पहिल्याची रेघ ०.५ ला हलली, एकदम बरोबर. दुसऱ्याला ०.५ झालं, ०.६ झालं, रेघ जागची हलेना, ०.७ ला कुठं रॉड बाहेर यायला लागला. गेज खराब असेल म्हणून गेज बदलला, पाइप बदलला, दोन्ही उलटसुलट करून तीनदा बघितलं, तेच. टायरच्या भाषेत सांगायचं तर एक ७ पॉइंटचा आणि एक १० पॉइंटचा. अण्णा म्हणाले, "ही जुळी नाहीत बे, सावत्र आहेत."

त्याच दिवशी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला तर तिथला पोरगा म्हणतो, सर बसवून घ्या, जास्त वाटलं तर बूस्ट कंट्रोलरमधून कमी करा. अहो, कंट्रोलर अ‍ॅक्चुएटरकडं जाणारं प्रेशर चोरतो म्हणून गेट उशिरा उघडतं आणि बूस्ट वाढतं, स्प्रिंगच्या खाली तो बूस्ट नेणार कसा? हे तुमच्याच टेक्निकल माणसाला मी सांगायचं म्हणजे कमाल झाली.

तरी म्हटलं कंपनी सांगतेय तर बघू. बसवले, सोलेनॉइड बाजूला काढून दोन्ही अ‍ॅक्चुएटरला पाइप थेट जोडला आणि पहाटे बार्शी रोडला रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून बघितलं. दोन्ही टर्बोची हवा पुढं एकाच पाइपात येते, त्यामुळं गेजवर काटा एकच, ०.६ च्या थोडा वर, पण आत पुढच्या, ०.५ वाल्याचं गेट उघडलेलं आणि मागच्या, ०.७ वाल्याचं घट्ट बंद, म्हणजे मागचा टर्बो एकटाच पळतोय आणि पुढच्यातून कबूतर पंख झटकतंय तसा फडफड आवाज. दोन चकरा मारून गाडी परत आणली, तिसरी मारायची हिंमत झाली नाही.

मग तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय तसं रॉडचा लॉकनट सोडून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) बघितला. रॉड आखूड केला की प्रेशर वाढतं, कमी करायला मार्गच नाही. मागचा सैल सोडला तर गेटचा फ्लॅप नीट बसत नाही, नुसता खडखडतो. पुढचा चार आटे, म्हणजे ४ मिलिमीटर ओढून घेतला, तर तो मागच्याच्या जवळ आला खरा पण मग मिनिमम बूस्टच ०.७ झालं, जे मला नकोच होतं, वर रॉडची चाल कमी झाल्यामुळं फ्लॅप पूर्ण उघडेना आणि वरच्या आरपीएमला काटा आपोआप चढायला लागला.

आणि आता तुमचं म्हणणं काय, तर लॉकनट फिरवला म्हणून वॉरंटी संपली! पान ३ वर तुम्हीच लिहिलंय प्रीलोड सेट करून घ्या. नट न फिरवता तो कसा सेट करायचा हे एकदा व्हिडिओ करून पाठवा, अण्णांना पण बघायचंय.

मला दोन्ही अ‍ॅक्चुएटर बदलून पाहिजेत, एकच नको, कारण एकटा पाठवला की तो परत कुणाशी जुळणार नाही. पाठवण्याआधी दोन्हींचं उघडायचं प्रेशर गेजवर मोजून आकडा लिहून द्या. काढ-घाल करायची मजुरी ६,००० आणि कुरिअरचा खर्च तुमच्याकडं. जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. १५ दिवस वाट बघतो, नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देणार, २०१९ च्या कायद्यानं मी राहतो तिथंच केस करता येते, त्यामुळं यायला तुम्हालाच लागेल.

हँडपंपचे व्हिडिओ, बिल आणि बॉक्सचे फोटो सोबत जोडलेत. गाडी सध्या अण्णांच्या शेडमध्ये कव्हर टाकून उभी आहे.

तुमचा ग्राहक,
सोलापूर