जुन्या फरशीवर नवा कोबा नको

मा. संपादक,

एप्रिल-मे आला की मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांत दोन कामं हमखास निघतात : गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि घरांचं नूतनीकरण. दोन्हीकडे जुना थर न काढता त्यावरच नवा चढवण्याची घातक सवय रुळली आहे. साइटवर सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे हे पाहून गप्प बसवत नाही.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हॉलची मोझॅक फरशी तशीच ठेवून वर सिमेंट-वाळूचा दोन इंच माल, म्हणजे कोबा, टाकला आणि व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. 150 चौरस फुटांच्या हॉलमध्ये हे वजन दीड टनाच्या वर जातं. आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोल्यांच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं, कपाटं, पलंग मिळून चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो भार धरतात. नुसता दोन इंचांचा कोबाच चौरस मीटरला 100 किलोंचा, तोही कायमचा. आमच्याकडे खाऱ्या हवेने सळ्या गंजल्या आहेत आणि खालच्या घरात छताचे पोपडे पडताहेत. त्या स्लॅबवर हा बोजा टाकताना कुणी इंजिनीअरला विचारलंसुद्धा नाही.

थंड देशांत घर उबदार ठेवायला फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकून त्यावर 65 ते 75 मिलिमीटर सिमेंटचा थर घालतात. पण जुनं, लाकडी मजल्यांचं घर असेल तर तिथेही ओलं सिमेंट न घालता करायची हलकी, कोरडी पद्धत निवडतात. वजनाचा विचार आधी होतो.

गच्चीवरचा वीट-तुकड्यांचा कोबा चार-साडेचार इंच जाड, चौरस मीटरला 200 किलोंच्या आसपास. गळती लागली की त्यावर दुसरा घालतात. पाणी दोन थरांमध्ये कोंडून राहतं आणि झिरपत छतात उतरतं. वजन वाढलं, गळती तशीच.

फोडायची मजुरी, गोणी खाली उतरवणं, डेब्रिजची गाडी हे सगळं वाचतं, म्हणून ठेकेदार "वरूनच करून टाकू" म्हणतो आणि घरमालक मान डोलावतो. दारं खालून कापायला लागली, बाथरूमचा उंबरा बुडाला, की समजावं जुनं काढलेलं नाही. बाल्कनीत जमीन दोन इंच वर आली की कठडा तेवढाच बुटका होतो. लहान मुलांच्या घरात हे मला फार भयंकर वाटतं.

30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. पण कोणत्या घरात किती थर चढलेत, हे ऑडिटरला कळणार कसं? म्हणून सोसायट्यांनी नूतनीकरणाच्या परवानगी अर्जात जुनी फरशी काढणार का आणि नवा कोबा किती इंचांचा, हे लिहून घ्यावं. टाइल्स बसण्याआधी कमिटीने जागेवर जाऊन जाडी मोजावी आणि त्या नोंदी ऑडिटरच्या हाती द्याव्यात. महापालिकेनेही ऑडिट अहवालात यासाठी वेगळा रकाना सक्तीचा करावा.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, मुलुंड (पूर्व)